‘बरं’ म्हणायचं होतं, धमकी गेली

“ताई, मी सातपूरच्या एका छोट्या कारखान्यात एक्स्पोर्टचं काम बघतो. शिक्षण मराठी माध्यमातलं. बर्मिंगहॅमच्या गिऱ्हाइकाकडून सुधारित ड्रॉइंग यायचं होतं आणि त्यावाचून टूलरूम अडली होती. मी मेल केला, ‘यू हॅड बेटर सेंड अस द रिवाइज्ड ड्रॉइंग बाय फ्रायडे.’ शाळेत ‘हॅड बेटर’ म्हणजे ‘केलेलं बरं’ असं शिकलो होतो. उत्तर एका ओळीचं आलं, ‘इट विल बी सेंट व्हेन इट इज रेडी.’ एरवी वर ‘हाय’ आणि माझं नाव असतं, तेही नव्हतं. माणूस दुखावला असं वाटलं, म्हणून त्याला जरा मोठेपणा देत लिहिलं, ‘यू शुड नो बेटर दॅन अस.’ त्यानंतर चार दिवस शुकशुकाट. आमचे साहेब म्हणतात, व्याकरण तर बरोबर आहे. मग चुकलं कुठे? जाता जाता आणखी एक. मुलगी आठवीत आहे. तिच्या ‘मोर बेटर’वर बाईंनी लाल रेघ मारली. ती म्हणते, शेक्सपिअरनं लिहिलंय तर मी का नको? तिला काय सांगू?”
– एक वाचक, नाशिक

तुमच्या साहेबांचं खरं आहे. व्याकरण बिनचूक आहे, आणि नेमकं तेच अंगाशी आलं. ‘हॅड बेटर’च्या पुढे तुम्ही ‘टू’ घातलं नाहीत, क्रियापद मूळ रूपात ठेवलंत, सगळं चोख. वाक्य मोडकंतोडकं असतं तर तिकडच्या माणसानं समजून घेतलं असतं. इतकं नीटनेटकं वाक्य वाचल्यावर त्याला वाटलं की ह्या गृहस्थांना इंग्रजी उत्तम येतं, म्हणजे जे लिहिलंय ते मुद्दामच लिहिलंय.

आणि त्यानं काय वाचलं, ते मराठीत सांगते: “शुक्रवारपर्यंत ड्रॉइंग बऱ्या बोलानं पाठवा.”

‘हॅड बेटर’ला मराठीत सगळ्यात जवळचं काही असेल तर ते हे ‘बऱ्या बोलानं’. पुढचं ‘नाहीतर’ उच्चारायचं नाही, पण ऐकणाऱ्याच्या कानात ते वाजलंच पाहिजे. ‘यू हॅड बेटर पे’ म्हणजे पैसे टाक, नाहीतर बघ. व्याकरणाच्या बऱ्याच पुस्तकांत हा प्रयोग ‘सल्ला’ या मथळ्याखाली ‘शुड’च्या शेजारी बसवलेला असतो. शेजार फसवा आहे. ‘शुड’ नुसतं सांगतं, काय योग्य ते. ‘हॅड बेटर’ सांगतं की आत्ता, याच वेळेला हे केलं नाहीस तर काहीतरी वाईट होणार आहे. म्हणूनच सर्वसाधारण उपदेशाला ते चालत नाही. ‘माणसानं रोज चालावं’ हे ‘पीपल शुड वॉक’ होईल, ‘पीपल हॅड बेटर वॉक’ म्हटलंत तर रस्त्यात कुणीतरी काठी घेऊन उभं आहे असं वाटेल.

आता दोष तुमच्या एकट्याच्या माथी नको. मीही वीसएक वर्षं फळ्यावर ‘हॅड बेटर = बरे’ असं लिहीत आले आणि भाषांतराच्या प्रश्नाला त्यावर पूर्ण गुण देत आले. माझे डोळे उघडले ते लेस्टरला बहिणीकडे गेले तेव्हा. शेजारच्या आजीबाई खोकत होत्या. मी मायेनं म्हणाले, “यू हॅड बेटर टेक रेस्ट.” बाई थांबल्या, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “हॅड आय?” दोनच शब्द. म्हणजे “असं का? आणि हे सांगणाऱ्या तुम्ही कोण?” बहिणीनं विषय बदलला म्हणून निभावलं.

गोची आपल्या ‘बरं’मध्ये आहे. हा शब्द मराठीत वंगणासारखा वापरतात. “तुम्ही दहाला आलात तर बरं होईल,” “एकदा विचारलेलं बरं,” “त्यापेक्षा न बोललेलं बरं” – प्रत्येक ठिकाणी ‘बरं’ आलं की वाक्य मऊ होतं, हुकमाची विनंती होते. (‘बऱ्या बोलानं’ हा अपवाद आणि तो ऐकताच आपल्याला कळतो.) इंग्रजी ‘बेटर’ला ‘हॅड’ जोडलं की उलटं होतं, वाक्याला धार चढते. दोन शब्द कोशात शेजारी बसतात आणि तोंडातून बाहेर पडल्यावर विरुद्ध दिशांना जातात.

गंमत अशी की इंग्रजीतही हा प्रयोग जन्मला तेव्हा आपल्यासारखाच होता. जुन्या इंग्रजीत ‘मी वेअर बेटर’ अशी रचना होती. इथला ‘मी’ आपला नव्हे, त्यांचा, म्हणजे ‘मला’. ‘मला बरं होईल’ हीच चतुर्थीची घडण. पुढे ‘मला’चा कर्ता झाला, ‘वेअर’च्या जागी ‘हॅड’ आला आणि ‘आय हॅड बेटर’ तयार झालं. त्यामुळे ‘हॅड’ दिसतो भूतकाळाचा, पण त्याचा भूतकाळाशी काही संबंध उरलेला नाही. बोलणं नेहमी आत्ताचं किंवा पुढचंच. नकार करायचा तर ‘नॉट’ नंतर येतो: ‘यू हॅड बेटर नॉट गो.’ बोलताना ‘हॅड’ गिळून नुसतं ‘यू बेटर’ म्हणतात, गाण्यांत आणि सिनेमात तर सर्रास. कामाच्या मेलमध्ये तसं लिहू नका.

मग हा प्रयोग टाकूनच द्यायचा का? मुळीच नाही. स्वतःबद्दल बोलताना तो अगदी निरुपद्रवी आहे. ‘आय हॅड बेटर गो’ म्हणजे ‘निघायला हवं मला’, यजमानाला जराही न दुखवता उठायची उत्तम सोय. मित्राला ‘छत्री घे रे, आभाळ भरलंय’ म्हणताना चालतो, कारण तिथं धोका पावसाचा आहे, तुमचा नाही. पोराला अभ्यासाला बसवताना चालतो. वरिष्ठ, गिऱ्हाईक, पाहुणा, अनोळखी माणूस, डॉक्टर आणि सासूबाई यांच्याशी बोलताना चालत नाही. तिथं तुमचं ‘बरं’ इंग्रजीत न्यायचं तर ‘इट वुड हेल्प अस इफ यू कुड सेंड इट बाय फ्रायडे’. यात ‘बेटर’ नाही, तरी तुमच्या मनातलं ‘बरं’ हेच आहे. ‘बेटर’ हवंच असेल तर ‘इट वुड बी बेटर इफ’ चालतं, पण त्यालाही मास्तरांचा थोडा वास येतो.

आता दुसरा मेल. मला वाचताना हसू आलं, माफ करा.

तुम्हाला म्हणायचं होतं, “आमच्यापेक्षा तुम्हालाच जास्त माहीत असणार.” त्यातलं ‘असणार’ तुम्ही ‘शुड’नं केलंत आणि ‘जास्त माहीत’चं ‘नो बेटर’. शब्दाला शब्द बरोबर. पण ‘यू शुड नो बेटर’ हा इंग्रजीतला मुरलेला फटकारा आहे. शेजाऱ्याच्या काचेवर चेंडू मारणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला आई हे म्हणते: “एवढा घोडा झालास, तुला अक्कल नको?” ‘यू नो बेटर दॅन दॅट’ हे त्याचंच भावंड, ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती’. म्हणजे आधी बर्मिंगहॅमच्या त्या इंजिनिअरला दम भरलात, आणि तो तोंड फुगवून बसल्यावर त्याची अक्कल काढलीत. चार दिवस गप्प बसला यात नवल नाही.

आपल्याकडे “सर, यू नो बेटर” असं हात जोडल्यासारखं म्हणायची पद्धत आहे. ऑफिसांत, बँकेत, कोर्टाच्या आवारातसुद्धा. इथं ते खपतं, कारण ऐकणाऱ्यानंही ते मराठीतून किंवा हिंदीतूनच ऐकलेलं असतं. बाहेर पाठवताना ‘यू नो धिस फार बेटर दॅन वुई डू’ असं पूर्ण लिहा. ‘धिस’ म्हणजे कशाबद्दल माहीत आहे ते घातलं आणि ‘शुड’ काढलं की फटकारा जातो, आदर उरतो.

‘बेटर’ हा शब्द हाती घेतलाच आहे, तर अजून एका जागी आपले लोक हमखास घसरतात, ते सांगून टाकते. आजारपण. “आईला आता बरं आहे” याचं ‘मदर इज बेटर नाऊ’ करतात. मराठीत बरं आहे म्हणजे दुखणं गेलं, किंवा निदान काळजीचं काही नाही. इंग्रजीत ‘बेटर’ मुळात तुलनेचं रूप, म्हणून पहिला अर्थ ‘कालच्यापेक्षा उतार आहे’ एवढाच. अतिदक्षता विभागातला माणूससुद्धा ‘बेटर’ असू शकतो. पण इंग्रज माणूस ‘व्हेन आय ॲम बेटर’ म्हणतो तेव्हा त्याला ‘पूर्ण बरा झाल्यावर’ म्हणायचं असतं. म्हणजे आजारपणात हा शब्द तुलना सोडून आपल्या ‘बरा’सारखा वागतो. ‘कम्प्लीटली बेटर’ म्हणतात ते ह्याच अर्थानं. एरवी तुलनेच्या रूपाला ‘कम्प्लीटली’ लागत नाही, ‘कम्प्लीटली टॉलर’ कुणी म्हणत नाही. ऐकणाऱ्याला यातलं कुठलं ‘बेटर’ ते कळायला मार्ग नसतो, म्हणून रजेच्या अर्जात किंवा परदेशातल्या मुलाला आईची तब्येत कळवताना हा शब्द एकटा सोडू नका. उतार असेल तर ‘अ लिटल बेटर’, ‘मच बेटर’. संपलं असेल तर ‘शी हॅज फुली रिकव्हर्ड’. आणि कृपा करून ‘व्हेरी बेटर’ नको. ‘खूप बरं’मधलं ‘खूप’ तुलनेच्या रूपाआधी ‘मच’ किंवा इंग्रजी ‘फार’ होतं, ‘व्हेरी’ होत नाही.

‘द बेटर पार्ट ऑफ ॲन अवर’ यात बरं असं काहीच नसतं. तासाचा चांगला भाग नव्हे, मोठा भाग. रांगेत पाऊण तास उन्हात उभं राहिलेला माणूसही असंच म्हणेल. ‘ही थॉट बेटर ऑफ इट’ म्हणजे त्यानं अधिक चांगला विचार केला असं नाही, तर ऐनवेळी बेत बदलला. आणि लग्नपत्रिकांपासून व्हॉट्सॲपपर्यंत पोचलेली ‘बेटर हाफ’ फक्त बायकोच असते असं काही नाही, नवराही चालतो. नवरा-बायको या अर्थानं ही जोडी फिलिप सिडनीच्या १५९० साली छापलेल्या ‘आर्केडिया’त सापडते. तिथं ती गंभीर आहे. आता ती थट्टेचीच उरली आहे, त्यामुळे श्रद्धांजलीच्या मजकुरात घालू नये. कुणीतरी घातलेली मी वाचली आहे.

आता कन्यारत्नाकडे येऊ. प्रश्न तुमच्यापेक्षा तिचाच मजेदार आहे.

मुलीचं म्हणणं खरं आहे. ‘द टेम्पेस्ट’ नाटकात, पहिल्याच अंकात प्रॉस्पेरो आपल्या मुलीला सांगतो की मी कोण आहे ते तुला ठाऊक नाही, आणि स्वतःबद्दल ‘मोर बेटर’ असेच शब्द वापरतो. ‘ज्युलियस सीझर’मधला ‘मोस्ट अनकाइंडेस्ट’ घाव तर प्रसिद्धच आहे. शेक्सपिअरच्या काळात ही दुहेरी रूपं कुणाला खटकत नव्हती, जोर द्यायला ती वापरत. पुढे अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी ती मोडीत काढली. रॉबर्ट लाउथ यांचं १७६२ सालचं छोटेखानी व्याकरण इंग्लंडमध्ये खूप चाललं, त्यात दुहेरी तुलना अयोग्य ठरवली आहे. बाईंच्या हातातलं लाल पेन तिथून चालत आलेलं आहे.

पण तुमच्या मुलीनं शेक्सपिअर वाचून ‘मोर बेटर’ लिहिलं नसणार. तिनं मराठीतून लिहिलं. आपलं विशेषण तुलनेसाठी रूप बदलत नाही. चांगला तो चांगलाच राहतो, ‘त्याच्यापेक्षा’ किंवा ‘त्याहून’ जोडलं की तुलना झाली. फार तर आधी ‘जास्त’ किंवा ‘अधिक’ लावायचं. दगडापेक्षा वीट मऊ, तिथं ‘मऊ’ला काहीच झालेलं नाही. मग ‘जास्त चांगला’ इंग्रजीत नेताना ‘जास्त’चं ‘मोर’ होतं आणि ‘चांगला’चं ‘बेटर’, कारण ‘पेक्षा’ आलं की ‘गुड’चं ‘बेटर’ करायचं हे व्याकरणातल्या डिग्रीच्या, म्हणजे तुलनेच्या पायऱ्यांच्या, प्रश्नानं घोटून घेतलेलं असतं. दोन्हीकडून तुलना होते. बाहेरून सदरा आणि आतून पुन्हा सदरा.

संस्कृतात मात्र रूप बदलायचं. गीतेत ‘श्रेयान् स्वधर्मो विगुणः’ आहे, त्यातलं ‘श्रेयान्’ म्हणजे शब्दशः ‘बेटर’. ‘श्रेयस्’ हे तुलनेचं रूप, ‘श्रेष्ठ’ त्याच्या पुढची पायरी, म्हणजे ‘बेस्ट’. मराठीत येईपर्यंत श्रेयाची तुलना गळून पडली, आता ते फक्त लाटण्यापुरतं उरलंय. रोज वर्तमानपत्रात श्रेयवादाची लढाई असते. आणि ‘श्रेष्ठ’ आपल्याला पुरेनासा झाला म्हणून ‘सर्वश्रेष्ठ’, ‘श्रेष्ठतम’. हा अशुद्ध मराठीचा प्रताप समजू नका. शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात ‘श्रेष्ठतमाय कर्मणे’ आहे. म्हणजे ‘मोस्ट बेस्ट’. लाउथसाहेबांचं लाल पेन तिथं कोण चालवणार?

मुलीला आणखी एक दारूगोळा द्या. हिंदी-उर्दूतला ‘बेहतर’ आणि इंग्रजी ‘बेटर’ कानाला सख्खे भाऊ वाटतात, पण तो निव्वळ योगायोग आहे. ‘बेहतर’ फारसी. त्यातला ‘तर’ म्हणजे आपल्या ‘लघुतर’, ‘उच्चतर’मधलाच. आणि ‘बेह’ हे जुन्या इराणी भाषेत आधीच तुलनेचं रूप होतं, संस्कृत ‘वसु’च्या गोतातलं. त्याचा अर्थ ‘अधिक चांगलं’ होताच, वर ‘तर’ लागला. तेव्हा ‘बेहतर’ हाच मुळात ‘मोर बेटर’ आहे, आणि लखनौत त्याच्यावर कुणी रेघ मारत नाही. खुद्द इंग्रजीतही असे दोन चोर उजळ माथ्यानं फिरतात. ‘लेस’ तुलनेचं रूप असून त्याला पुन्हा प्रत्यय लावून ‘लेसर’ केलाय. ‘निअर’ हे एके काळी ‘नाय’ या जुन्या शब्दाचं तुलनेचं रूप होतं. लोक ते विसरले आणि ‘निअरर’ म्हणू लागले. त्यांना कुणी अडवलं नाही.

हे सगळं तिनं बाईंना जरूर सांगावं, मधल्या सुट्टीत. पेपरात ‘मच बेटर’ लिहावं. गुण देणारी माणसं यजुर्वेद उघडून बसत नाहीत. आणि डिग्रीच्या प्रश्नात ‘बेटर दॅन एनी बॉय इन द क्लास’ असं लिहायची सवय असेल तर ‘एनी अदर बॉय’ करायला सांगा. मुलगा स्वतः त्याच वर्गात असेल तर ‘अदर’वाचून तो स्वतःपेक्षाच हुशार ठरतो.

आता बर्मिंगहॅमच्या माणसाचं काय करायचं? लांबलचक माफीनामा नको. ‘माझं इंग्रजी कच्चं आहे’ असंही लिहू नका. ते खरं नाही, आणि पुढच्या दरवाटाघाटीत तो ते लक्षात ठेवेल. फोन करता आला तर उत्तमच, आवाजात जे कळतं ते मेलमध्ये कळत नाही. नाहीतर मराठीत विचार केलात तर एवढंच लिहायचंय: माझे आधीचे दोन मेल वाचले, मला वाटलं नव्हतं इतके ते उद्धट वाटतात, तसं म्हणायचं नव्हतं, क्षमस्व. सुधारित ड्रॉइंगवाचून आमची टूलरूम अडली आहे, कधीपर्यंत मिळेल ते कळलं तर पुढचं वेळापत्रक लावता येईल. इंग्रजीत साधारण असं:

“आय हॅव जस्ट रीरेड माय लास्ट टू मेसेजेस, अँड दे साउंड मच रूडर दॅन आय मेंट. आय ॲम सॉरी. अवर टूलरूम इज वेटिंग फॉर द रिवाइज्ड ड्रॉइंग. कुड यू लेट मी नो व्हेन वुई माइट एक्स्पेक्ट इट?”

वर ‘हाय’ आणि त्याचं पहिलं नाव घाला, खाली तुमचं पहिलं नाव. शुक्रवारी दुपारी दीडच्या आत पाठवा. आपलं घड्याळ त्यांच्या साडेचार ते साडेपाच तास पुढे असतं, म्हणजे तो सकाळी येऊन बसेल तेव्हा तुमचा मेल वर असेल. रात्री उशिरा पाठवलात तर सोमवारपर्यंत कुणी उघडणार नाही.